माळ्यावरचा ड्रमसेट नेमका कधीचा?

गणपतीतले, जत्रेतले, उरुसातले ऑर्केस्ट्रे ज्यांनी पाहिलेत, त्यांना मंचावर मागच्या बाजूला मांडलेला चकचकीत ड्रमसेट आठवत असेल. १९८५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीनं ऑक्टोपॅड हे इलेक्ट्रॉनिक वाद्य काढलं. पुढच्या मॉडेलांत आवाजही आतच भरून येऊ लागले आणि ढोल, झांज, तबला, ढोलकी सगळं आठ रबरी चौकोनांत मावलं. टेम्पोत अर्धी जागा खाणारा सेट मग कोण वाहून नेणार? लातूर, परभणी, नांदेड, जालन्याकडचे कितीतरी सेट असे माळ्यावर गेले, काही बँड पार्टीच्या खोलीत कोपऱ्याला लागले.

आता ते खाली उतरू लागले आहेत. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात ‘विंटेज ड्रमसेट, १९६० चा, एकदम ओरिजिनल’ अशी जाहिरात दिसते, सोबत धूळ बसलेल्या ढोलाचा एक फोटो असतो आणि किंमत मात्र विमानाच्या तिकिटासारखी सांगितलेली असते. घेणारा विचारतो, “१९६० चा कशावरून?” विकणारा म्हणतो, “आमच्या काकांनी सांगितलं.” काका खोटं बोलत नसतात. त्यांनी तो कधी आणला हे त्यांना पक्कं आठवतं. पण आणला कधी आणि बनला कधी, यात वीस वर्षांचं अंतर असू शकतं. त्या काळात परदेशी वाद्याची आयात परवाना आणि जकातीमुळे इतकी अवघड होती की आपल्याकडे पोचलेले बहुतेक सेट मुंबईमार्गे, दोन-तीन हात बदलूनच आले.

## सेटला एकच वय नसतं

आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. दगडी जोतं निजामाच्या काळातलं, वरचं माळवद आजोबांनी काढून पत्रे टाकलेले, ओसरीला फरशी नव्वद सालानंतरची आणि विजेची बटणं परवाची. “वाडा किती जुना?” याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि बटणं नवी आहेत म्हणून जोतंही नवं ठरत नाही.

ड्रमसेटही तसाच. पायानं वाजवायचा मोठा बास ड्रम, काठीनं वाजवायचा स्नेअर, वर टांगलेले टॉम, जमिनीवर उभा फ्लोअर टॉम, झांजा, स्टँड, पेडल. वाजवणारा माणूस यातलं जे मोडेल ते बदलत जातो. त्यामुळे “हा किती जुना?” हा प्रश्न बाजूला ठेवून प्रत्येक भागाला दुसराच प्रश्न विचारायचा: हा कधीच्या आधीचा असूच शकत नाही? या प्रश्नाला बहुतेक वेळा ठाम उत्तर मिळतं. जुनेपणाचा पुरावा कच्चा असतो, कारण जुना माल नंतरही वापरता येतो. अमुक सालानंतरचाच, हा पुरावा मात्र पक्का असतो.

पुढे लागतील तेवढे शब्द आताच सांगून टाकतो. तबला-पखवाजाचं असतं तसं ड्रमचं लाकडी अंग म्हणजे खोड. त्यावर ताणलेली ती पुडी. पुडी ताणणारे स्क्रू ज्या धातूच्या तुकड्यांत बसतात ते लग. खोडावर चिकटवलेलं रंगीत, मोतिया किंवा चमकीचं प्लास्टिक म्हणजे रॅप. आणि कंपनीच्या नावाची धातूची पट्टी तो बिल्ला.

## आधी बघा, हा ड्रमसेटचा आहे की बँडचा

हे गमतीचं वाटेल, पण इथंच बरेच जण चुकतात. जालना आणि औरंगाबादला लष्करी छावण्या होत्या. पोलिसांचे, शाळांचे, लग्नाचे बँड तर गावोगाव. त्यांचे ढोल गळ्यात अडकवायचे असतात. बास ड्रमला जमिनीवर घसरू नये म्हणून दोन टोकदार पाय असतात आणि अनेकदा वर टॉम टांगायची पकड असते. बँडच्या ढोलाला यातलं काही नसतं, पट्टा अडकवायची कडी असते. दोरीनं आवळलेला आणि दोरीवर चामड्याचे सरकते तुकडे असलेला ढोल तर थेट लष्करी घराण्यातला. असे ढोल मेरठच्या जली कोठी भागात आजही बनतात, म्हणून दोरी दिसली की लगेच ‘ब्रिटिशकालीन’ म्हणू नये.

## बिल्ल्यावरचा पत्ता वाचा

नावापेक्षा पत्ता जास्त बोलतो. कंपन्या गावं बदलतात, मालक बदलतात, आणि ते साल नोंदलेलं असतं.

लुडविगचं उदाहरण घेऊ, कारण जाहिरातींत सगळ्यात जास्त नाव तिचंच असतं. विल्यम लुडविग आणि त्याचा भाऊ थिओबाल्ड यांनी १९०९ मध्ये शिकागोत ती सुरू केली. पुढे कंपनी कॉन या मोठ्या उद्योगाकडे गेली, विल्यम बाहेर पडला आणि १९३७ मध्ये त्यानं नवी कंपनी काढली. स्वतःचंच आडनाव वापरायची सोय राहिली नव्हती, म्हणून बिल्ल्यावर नुसती आद्याक्षरं आली: डब्ल्यूएफएल. १९५५ मध्ये त्यानं आपलं नाव परत विकत घेतलं. म्हणजे ‘डब्ल्यूएफएल’ लिहिलेला ड्रम १९३७ च्या आधीचा असणं शक्य नाही. कमानीच्या मध्यावर बसणाऱ्या दगडाच्या आकाराचा, वर रुंद खाली निमुळता असा जो प्रसिद्ध पितळी बिल्ला, तो साधारण १९६० पासूनचा. निळा आणि हिरवट रंगाचा बिल्ला १९६९ च्या आसपास आला.

स्लिंगरलँड ही शिकागोचीच दुसरी कंपनी १९६० मध्ये नाइल्स या गावी गेली. बिल्ल्यावर ‘नाइल्स’ असेल तर १९६० च्या आधीचा नाही, विषय संपला. ‘शिकागो’ असेल तर मात्र विषय संपत नाही. जुने छापलेले बिल्ले कोणता कारखाना फेकून देईल? ते संपेपर्यंत वापरले जातात. रॉजर्स ही अमेरिकेतल्या ओहायोची कंपनी १९६६ मध्ये सीबीएस या माध्यम कंपनीनं घेतली आणि तिचा पत्ता कॅलिफोर्नियातलं फुलर्टन झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची ग्रेच १९६७ मध्ये बाल्डविन या पियानो कंपनीकडे गेली आणि पुढे आर्कान्सामध्ये हलली. तिचा गोल बिल्ला १९७१ च्या सुमारास अष्टकोनी झाला.

आपल्याकडे ब्रिटिश प्रीमियर जास्त सापडण्याची शक्यता, कारण लष्करी आणि पाइप बँडांत तिचं नाव मोठं. तिचा लंडनचा कारखाना १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेला आणि ती लेस्टरला हलली. जुन्या प्रीमियरची एक चाचणी दुकानात उभ्या उभ्या करता येते. १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्यांच्या ड्रमचा व्यास आजच्या मापाहून किंचित मोठा असे. आजची १४ इंची पुडी त्या ‘१४ इंची’ ड्रमवर अडून बसते किंवा बसतच नाही. गिऱ्हाईक वैतागतं, दुकानदार पुडीला दोष देतो, आणि खरं तर ड्रमनं आपलं वय सांगितलेलं असतं.

जपानी सेटवर ‘टामा’ लिहिलं असेल तर १९७४ च्या आधीचा नाही. त्याआधी तीच मंडळी ‘स्टार’ या नावानं ड्रम विकत. यामाहाचे ड्रम १९६७ पासूनचे, पर्लचे १९५० पासूनचे. पण साठच्या दशकात जपानी कारखान्यांनी दुकानदार सांगेल त्या नावाचा बिल्ला लावून ढीगभर सेट जगभर पाठवले. कुणी कधी न ऐकलेलं इंग्रजी नाव, पातळ खोड आणि आतून लालसर लाकूड दिसलं, तर तो बहुधा यातलाच. ते लाकूड लुआन नावाचं, आग्नेय आशियातलं.

बिल्ल्यावर किंवा आतल्या कागदी लेबलवर देशाचं नाव, पिनकोड असेल तर तेही बघा. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. अमेरिकी पत्त्यात पाच आकडी झिपकोड म्हणजे १९६३ नंतरचं लेबल. आपल्याकडच्या दुकानदाराच्या लेबलवर सहा आकडी पिनकोड म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. किमतीत ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपास. हे दुकानाच्या लेबलचं साल झालं. ड्रम त्याआधीचा असू शकतो.

## “पण माझ्याकडे सिरीयल नंबर आहे!”

छान आहे. पण नंबर म्हणजे जन्मदाखला नव्हे. लुडविगनं बिल्ल्यावर नंबर टाकायला १९६३ च्या अखेरीस सुरुवात केली. नंबर नसलेला, कमानीच्या दगडाच्या आकाराचा बिल्ला म्हणजे साधारण १९६० ते १९६३, एवढं नंबर नसण्यावरूनच कळतं. मला तर नंबर असण्यापेक्षा ही खूण जास्त कामाची वाटते.

९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स या ब्रिटिश बँडनं अमेरिकेत एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात पहिल्यांदा वाजवलं. सुमारे सात कोटी लोकांनी ते पाहिलं, आणि त्यांचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्या बास ड्रमवर ‘लुडविग’ हे नाव ठळक दिसत होतं. कारखान्याला मागणी पुरवता पुरवता दम लागला. बिल्ले पेटीत ओतलेले असत, हाताला येईल तो कामगार ठोकत असे. म्हणून एकाच सेटच्या तीन ड्रमांवरचे नंबर एकमेकांपासून लांब असणं अगदी नैसर्गिक आहे, आणि नंबरावरून साल काढणारे तक्ते एक-दोन वर्षं इकडेतिकडे होणारच. तीन ड्रमांवर ओळीनं तीन नंबर दिसले तर मी उलट बारकाईनं बघेन. नकली बिल्ले सुटे विकत मिळतात.

## खोडाच्या आत डोकवा

पुडी काढा, मोबाइलचा टॉर्च मारा. लुडविगच्या पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच खोडांत आतल्या बाजूला शाईचा, बहुधा लाल, तारखेचा शिक्का असतो: महिना, दिवस, साल. यापेक्षा चांगला पुरावा नाही, कारण तो विकणाऱ्याला दाखवायला मारलेला नसतो. फक्त तो कारखान्यातला दिवस आहे, विक्रीचा नव्हे.

शिक्का नसला तरी आतला रंग आणि बांधणी बोलते. साठच्या दशकात बराच काळ लुडविग आतून पांढरा रंगवत असे, १९६८ च्या सुमारास नितळ लाकूड दिसू लागलं. खोड तीन थरांचं आणि दोन्ही कडांना आतून लाकडी कडं, ही जुनी पद्धत; १९७६ च्या सुमारास सहा थरांचं जाड खोड आलं आणि कडं गेलं. ग्रेचचं खोड आतून चंदेरी रंगाचं असतं.

मापही घ्या. साठच्या दशकातला टॉम बारा इंच रुंद असेल तर खोली आठ इंच, तेरा इंची असेल तर नऊ इंच. बाराला बारा, तेराला तेरा असे खोल, पिंपासारखे टॉम दिसले तर तो ऐंशीच्या दशकाचा थाट आहे, मग काका काहीही म्हणोत.

## रॅपचा रंग लगखाली लपलेला असतो

जुन्या रॅपचा वरचा पारदर्शक थर उन्हानं पिवळा पडतो. पांढरा मोतिया रॅप साजूक तुपाच्या रंगाचा होतो आणि निळी चमकी चक्क हिरवी दिसते. एखादा लग सोडवून खाली बघितलं की खरा निळा रंग सापडतो. तो फरक दिसला तर रॅप बराच काळ त्याच जागी आहे असं समजा. लगच्या खाली जुन्या, बुजवलेल्या भोकांवरून नवा रॅप गेलेला दिसला, तर तो नंतरचा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. रॅप आकसतो, जोडावर फाटतो, खोडाचा गोल बिघडतो. हे वयाचं लक्षण नाही, माळ्याचं आहे. आणि एक ताकीद: रॅप सेल्युलॉइडचा आहे का हे बघायला काडी लावू नका. असला तर भडकन पेटतो.

## “चामड्याची पुडी आहे, म्हणजे फार जुना”

प्लास्टिकची, म्हणजे पॉलिएस्टरची पुडी १९५७ च्या सुमारास बाजारात आली. अशा पुड्या बनवणारी रेमो कंपनी त्याच वर्षीची. त्याआधी वासराचं चामडं. त्यामुळे इंग्रजी माहितीपत्रकं सांगतात की चामडं दिसलं तर जुना. हा नियम अमेरिकेत चालेल, आपल्याकडे नाही. इथं हलगी, संबळ, ढोलकी मढवणारे हात गावात होते आणि परदेशी पुडी फाटली तर मुंबईहून मागवायची कोणी? बकऱ्याचं कातडं चढवलं, वाजायला लागलं. सत्तरच्या दशकातल्या जपानी ड्रमवरही असं कातडं असू शकतं. पुडी हा मुळातच झिजून बदलायचा भाग आहे, तिच्यावरून खोडाचं वय काढू नये.

पुडीवर रंगवलेला मजकूर मात्र फार कामाचा. बास ड्रमच्या पुढच्या बाजूला पार्टीचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असं सगळं लिहिलेलं असतं. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. ‘मु. पो. औसा, जि. उस्मानाबाद’ असेल तर रंगवणाऱ्यानं ते बहुधा १९८२ च्या आधी लिहिलं, ‘जि. लातूर’ असेल तर नंतर, यात शंका नाही. ‘जि. धाराशिव’ दिसलं तर पेंटरचा रंग अजून ओला असेल. खाली मोबाइल नंबर असेल तर १९९५ च्या आधीचा प्रश्नच नाही.

## स्टँड आणि पेडल

थोडक्यात सांगतो, कारण हे भाग सगळ्यात जास्त बदललेले असतात. पाय जमिनीला सपाट टेकणारे हलके स्टँड साठच्या दशकापर्यंतचे. दुहेरी पट्टीचे जड पाय सत्तरच्या उत्तरार्धापासून. नळीवर उंची पक्की धरून ठेवणारं कडं असेल, ते मेमरी लॉक. रॉजर्सनं ते सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आणलं आणि मग सगळ्यांनी उचललं.

## एक सेट सोडवून पाहू

समजा, उदगीरला एका घरी सेट निघाला. २२ इंची बास ड्रमवर लुडविगचा कमानीच्या दगडासारखा बिल्ला, नंबर नाही. आत लाल शिक्का, मे १९६३. रॅप हिरवट, लगखाली निळा. टॉमवर कुणी न ऐकलेलं नाव, आत लालसर पातळ लाकूड. स्नेअरवर टामा. बास ड्रमवर टॉम टांगायच्या नळीवर मेमरी लॉक. पुढच्या पुडीवर ‘जि. लातूर’.

बास ड्रमचा बिल्ला, नंबर नसणं, शिक्का आणि रॅप चारही एकच गोष्ट सांगतात; तो १९६३ चा, आणि त्याला तेवढा मान द्यायला हवा. टॉम जपानी, बहुधा साठच्या दशकातला. स्नेअर १९७४ नंतरचा. टॉमची नळी सत्तरच्या मध्यानंतरची, म्हणजे जुनी पकड काढून ही बसवली. तसं असेल तर बास ड्रमच्या वरच्या बाजूला बुजवलेलं भोक सापडेल, आणि सापडलं तर त्या ड्रमची किंमत उतरते. रंगकाम १९८२ नंतरचं. म्हणजे आज दिसतो त्या रूपात हा सेट ऐंशीच्या दशकात जमला. ‘१९६३ चा सेट’ हे खोटं, ‘त्यात १९६३ चा एक बास ड्रम’ हे खरं. गंमत म्हणजे तो एक ड्रम सुटा विकला, तर उरलेल्या सगळ्यापेक्षा त्याला गिऱ्हाईक जास्त मिळेल.

## “फोटो टाकून मोबाइललाच विचारलं तर?”

विचारा, पण समोरून काढलेल्या एका फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही, यंत्रालाही नाही. लुडविग, ग्रेच या कंपन्यांनी आपल्याच जुन्या थाटाचे ड्रम नंतर पुन्हा काढले आहेत. लांबून ते सारखेच दिसतात. फोटो काढायचे ते बिल्ल्याचा जवळून, खोडाच्या आतला, कडेचा म्हणजे थर मोजता येतील असा, एका लगचा समोरून आणि आतून, आणि रॅपचा जोड.

## “लाकूड प्रयोगशाळेत दिलं तर?”

झाड कधी वाढलं ते फार तर कळेल. साठ वर्षांच्या प्लायवुडला तेवढा खर्च कशाला, शिक्का फुकटात सापडतो.

## “हा पुरातन वस्तूंच्या कायद्यात येतो का?”

प्राचीन वस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा साधारणपणे शंभर वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूंचा विचार करतो. साठ-सत्तरच्या दशकातला ड्रमसेट त्यात बसत नाही. जाहिरातीत ‘अँटिक’ लिहिणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

## विकण्याआधी काय करू नये, काय लिहावं

लगला ब्रासो लावून घासू नका, मुलामा निघतो. रॅप नवा चढवू नका, आतला शिक्का रंगवू नका, बिल्ला काढू नका. तो खिळ्यासारखा ठोकलेला असतो आणि एकदा उचकटला की पुन्हा तसा बसत नाही. कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, सैल स्क्रू पिशवीत घालून त्याच ड्रमला बांधा.

आणि जाहिरात अशी लिहा: ‘बास ड्रम लुडविग, २२ इंच, आत मे १९६३ चा शिक्का, रॅप मूळचा, वर एक भोक बुजवलेलं. टॉम जपानी. स्नेअर टामा. स्टँड नंतरचे. एक झांज तडकलेली. माळ्यावर होता. येऊन बघावा, पुडी उघडून दाखवू.’ यातलं शेवटचं वाक्य वाचूनच जाणकार गाडी काढतो.